आपोआप दुरुस्ती

७ जुलै, सोमवार. मलकापूर

आज माझा प्रोग्राम सकाळपासून आपल्याच शेपटीमागं धावत होता.

सहदेवभाऊंच्या फ्लेक्सच्या दुकानात दोन कॉम्प्युटर. एकावर मी, एकावर पायल. गिऱ्हाइकाचं मॅटर, म्हणजे बॅनरवर जो मजकूर छापायचा तो, आम्ही टाईप करून 'मॅटर' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. तिथून तो डिझाईनमध्ये जातो आणि मग अविनाशदादाच्या मशीनवर. भानगड अशी की लोकांना शुद्धलेखन येत नाही आणि आम्हालाही फार येत नाही. मागच्या महिन्यात 'वाढदिवासाच्या हार्दिक शुभेच्छा' छापून गेलं, दहा फुटी. गिऱ्हाईक म्हणालं, "वाढदिवस व्हय, दिवा लावता का माह्या नावानं?" सहदेवभाऊंनी दुसरा करून दिला आणि दिवसभर मला धरलं. "अर्धा इंजिनेर व्हय ना बे तू? मंग काही इलाज कर."

केला. माझा प्रोग्राम त्या फोल्डरवर नजर ठेवून बसतो. कुठली फाईल नवी आली किंवा बदलली की विंडोज त्याला खबर देतं. तो फाईल उघडतो, चुकीच्या शब्दांची यादी आहे तिच्याशी ताडतो, चूक सापडली तर बरोबर शब्द घालतो आणि चूक असो-नसो, सेव्ह करतो. पापणी लवायच्या आत. पण त्यानं सेव्ह केलं की विंडोज पुन्हा सांगतं, फाईल बदलली. की हा पुन्हा धावतो. पुन्हा सेव्ह, पुन्हा खबर. दुपारपर्यंत कॉम्प्युटरवर पोळी भाजता आली असती. मग डोक्यात आलं: आपण केलेला बदल आपल्याला दिसायला नको. तेवढी एक ओळ घातली आणि सगळं शांत झालं.

कॉलेजात हे केलं असतं तर सर म्हणाले असते, नक्कल आहे. म्हणालेच होते. म्हणून तर भर प्रॅक्टिकलमध्ये कीबोर्ड फेकला. लागला भिंतीला, पण सुटलं कॉलेज. अण्णा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. पिंपळगावला घरी गेलो तरी आईला सांगतात, "त्याले म्हणा, जेव."

पायलला प्रोग्राम दाखवला. म्हणाली, "भारी आहे रे." आजपर्यंत 'प्रज्वल' म्हणायची. आज 'रे' म्हणाली.

१२ जुलै, शनिवार

प्रोग्रामची एक काळी खिडकी आहे. ती मी स्क्रीनच्या कोपऱ्यात उघडी ठेवतो. कुणी काही सेव्ह केलं की तिच्यात एक ओळ उमटते. पायलच्या फाईलींना मी वेगळा फोल्डर करून दिला, तिच्या नावाचा, म्हणजे ओळीत तिचं नाव येतं. ती माझ्याकडं पाठ करून बसते. तिनं सेव्ह केलं की इकडं माझ्यासमोर ओळ येते. हाक मारल्यासारखं वाटतं.

ती एकेका ओळीला सेव्ह करते. अविनाशदादा म्हणतात, "लाईट जाते म्हणून करते. मांगं तिचं सगळं मॅटर उडालं होतं ना." मला तसं वाटत नाही.

आज तिनं डब्यातलं भरीत दिलं. घरी फोन केला तेव्हा आईला सांगितलं. आई म्हणाली, "कोणाच्या डब्यातलं?" मग म्हणाली, "आडनाव काय तिचं?" सांगितलं. तेव्हा म्हणाली, "तू आपला डबा आपण खात जाय, बापा." मी नीट जेवत नाही असं तिला सारखं वाटतं.

१९ जुलै, शनिवार

यादीत आता बरेच शब्द झालेत. आशिर्वादचं आशीर्वाद, श्रध्दांजलीचं श्रद्धांजली, शुभेच्छूकचं शुभेच्छुक. मोबाईलवर टाईप करताना लोक काय काय करून ठेवतात. आज नांदुऱ्याकडच्या एका माणसानं श्रद्धांजलीचं मॅटर पाठवलं, त्यात 'कालकथित सिंधूताई'. कालकथित? काल काय कथित केलं सिंधूताईनं? 'कथित' हा शब्द मी पेपरातच वाचलाय, कथित घोटाळा, कथित आरोपी. मेलेल्या बाईला असलं काही छापलं असतं तर मार खाल्ला असता. कैलासवासी लिहायला गेला असेल आणि मोबाईलनं शब्द सुचवला असेल. यादीत टाकून दिलं: कालकथित दिसलं की कैलासवासी करायचं.

मी हे करत होतो तेव्हा पायल माझ्या खुर्चीमागं उभी होती. तिच्या ओढणीला मशीनची निळी शाई लागली होती, अगदी खांद्याजवळ, आणि तिला ते माहीत नव्हतं. ती काहीतरी सांगत होती. दोन वेळा म्हणाली, 'आमच्यात' असं काहीतरी. मी हाव हाव म्हणत होतो. तो निळा ठिपका सांगावा की नाही याचा विचार करत राहिलो. सांगितला असता तर तिनं ओढणी बदलली असती.

संध्याकाळी तो माणूस बॅनर न्यायला आला. म्हातारा, पांढरा शर्ट. बॅनर उलगडून बराच वेळ पाहत उभा राहिला. मग गुंडाळून घेऊन गेला. डिझाईन आवडलेलं दिसतं.

२ ऑगस्ट, शनिवार

पायल म्हणाली, "तुह्या यादीत काय काय शब्द आहेत ते मले एकदा दाखव ना." मी म्हणालो, "तुले काय करायचं त्याचं? तू फक्त टाईप कर. चुकलं तं मी आहे." असं म्हणताना बरं वाटलं. आपण कुणाच्या तरी मागं उभे आहोत असं. ती हसली नाही, पण ती कामात असली की हसत नाही.

या आठवड्यात तिनं दोन सुट्ट्या घेतल्या. वडिलांना अकोल्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं म्हणे. सुट्टीच्या दिवशी काळ्या खिडकीत फक्त माझ्याच ओळी.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. सकाळपासून मंडळांचे बॅनर, एकेका बॅनरवर चाळीस चाळीस चेहरे. प्रत्येकाचा चेहरा शेजारच्यापेक्षा मोठा पाहिजे. एक जण म्हणाला, "माह्या फोटोले थोडं गोरं कर अन् त्याच्याले आहे तसा राहू दे."

आज पायलला सांगायचं ठरवलं होतं. दुपारी ती पाणी प्यायला बाहेर गेली, मीही गेलो. म्हणालो, "पायल, मले तुह्याशी बोलायचं आहे." ती म्हणाली, "आज नाही रे. बाबाले लई त्रास होऊन राह्यला. माह्यं डोकं ठिकाणावर नाही." मी म्हणालो, "रोजच काही ना काही असते तुह्यं." ती आत निघून गेली.

अविनाशदादानं हे ऐकलं. मशीनवर रोल चढवता चढवता म्हणाले, "त्या पोरीच्या मांगं नको लागू बे. तिचं तिले पुरे झालं आहे." मी म्हणालो, तुम्ही तुमची शाई पाहा. ते म्हणाले, "शाईच पाहून राह्यलो. तुही बी दिसते."

त्यांना माझ्याविषयी काहीतरी आहे. पायलविषयीही असेल. मागं एकदा त्यांनी गिऱ्हाइकाच्या मॅटरमधलं एक नाव स्वतःच्या मनानं उडवलं होतं, जागा पुरत नव्हती म्हणून. अशा माणसाचा काय भरवसा.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पायलचे वडील गेले. पहाटे. माणिकराव त्यांचं नाव. रेल्वेत गँगमन होते, भुसावळ लाईनवर, आता रिटायर. मी त्यांना एकदाच पाहिलं, दुकानाबाहेर, पायलची छत्री घेऊन उभे होते.

सहदेवभाऊ आणि अविनाशदादा जाऊन आले. मी दुकानात थांबलो. कुणीतरी थांबायला पाहिजे होतं, आणि मला तिथं जाऊन काय करायचं ते कळत नव्हतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

सकाळी पायलचा मेसेज आला. वडिलांचा फोटो आणि मॅटर. खाली लिहिलं होतं, 'प्रज्वल, नीट करशील.'

मला. सहदेवभाऊंना नाही, मला.

मॅटर पूर्ण वाचवलं नाही. दोन ओळी वाचल्या आणि डोळे भरून आले, तसंच कॉपी करून तिच्या फोल्डरमध्ये टाकलं. मग दिवसभर दुसरं काही केलं नाही. दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. फोटोमागची भिंत बारकाईनं कापली, कानाजवळचे केससुद्धा. सगळ्यांना चढवतो तसा निळा कोट चढवला. वर मध्यभागी बुद्धाचा फोटो ठेवला, तिच्या घरी तसंच असणार म्हणून. मोठ्या अक्षरात 'कैलासवासी माणिकराव' आणि खाली रविवारच्या पुण्यानुमोदनाची, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाची वेळ. अक्षराला सोनेरी कडा दिली. मी आजवर केलेल्या बॅनरांत हा सगळ्यात चांगला.

अविनाशदादानं छापला. म्हणाले, "रंग झकास उतरला." पायलच्या भावकीतल्या दोन पोरांनी येऊन नेला. वाटलं, पायल तो चौकात पाहील तेव्हा तिला कळेल.

१८ सप्टेंबर, गुरुवार

हात दुखतोय म्हणून अक्षर असं येतंय.

दुपारी पायलचा मोठा भाऊ धम्मरत्न आला. हातात तोच बॅनर, गुंडाळलेला. टेबलावर उलगडला. आवाज चढवला नाही. त्यानं चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"कोट चढवला, तं चालते," तो म्हणाला. "पण हे काय लिहिलं? पायलनं काय पाठवलं होतं?" आणि त्यानं मोबाईल समोर धरला. मेसेजमध्ये 'कालकथित माणिकराव' होतं. "बुद्धाचा फोटो वर अन् खाली कैलासवासी. वस्तीतले लोक हासून राह्यले. काही हासत नाही, ते त्याच्यावून खराब. सकाळी आईनं सोता उतरवला हा."

मी फाईल उघडली. फाईलमध्ये कैलासवासी. मी एक अक्षर बदललं नव्हतं. शब्द कुठंतरी पाहिल्यासारखा वाटला, पण तेव्हा डोकं चालत नव्हतं. मशीनकडं पाहिलं. अविनाशदादा रोलला टेकून उभे होते, चहा पीत.

"तुमीच केलं," मी म्हणालो.

"काय केलं?"

"छापायच्या आधी फाईल तुमच्याकडं जाते. मांगं बी नाव उडवलं होतं तुमी. तुमाले खुपते पायल."

ते हसले. म्हणाले, "येडा झाला का बे?" आणि मी मारलं. एकदा नाही. चहा त्यांच्या अंगावर सांडला. सहदेवभाऊंनी मला मागून धरलं. अविनाशदादानं हात उचलला नाही. शर्टाला लागलेला चहा झटकला, मोटरसायकलची किल्ली घेतली आणि गेले.

धम्मरत्न हे सगळं पाहत उभा होता. मी त्याला म्हणालो, "भाऊ, पायलले सांगजा, ज्यानं केलं त्याले सोडलं नाही." त्यानं बॅनर तिथंच सोडला आणि निघून गेला.

तिला कळेल. कुणीतरी तिच्यासाठी हात उचलला, हे तिला कळेल.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

अविनाशदादा आले नाहीत. सहदेवभाऊ म्हणाले, "माणसं मारून दुकान चालते का? तू अर्धा इंजिनेर, पण डोकं पूरं गरम." मशीन त्यांनी स्वतः चालवलं, दोन बॅनर खराब केले.

पायलला तीन मेसेज केले. वाचले. उत्तर नाही. तिच्या फोल्डरमध्ये दिवसभर काही हललं नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

काय झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर मी ते उद्या वेगळं सांगेन.

उद्या पुण्यानुमोदन आहे. ठरवलं, नवा बॅनर करून स्वतः घेऊन जायचा. मॅटर या वेळी स्वतः टाईप केलं. कालकथित माणिकराव. सेव्ह केलं. डिझाईनमध्ये घेतलं तर कैलासवासी. वाटलं, सवयीनं हातानंच लिहिलं गेलं असेल. पुन्हा टाईप केलं, बोटांकडं पाहत, का, ल, क, थि, त. सेव्ह केलं. फाईल बंद केली नाही, तशीच समोर ठेवली. तेवढ्यात स्क्रीनच्या मध्यभागी एक चौकट आली. ही फाईल दुसऱ्या प्रोग्रामनं बदलली आहे, पुन्हा उघडायची का?

दुसऱ्या प्रोग्रामनं.

मी 'हो' दाबलं. माझ्या डोळ्यांसमोर कालकथितचं कैलासवासी झालं. मी अजून दोन वेळा करून पाहिलं. दोन्ही वेळा त्यानं इमानदारीनं काम केलं. मी सांगितलं होतं तेच.

यादीत जाऊन ती ओळ काढली. एका सेकंदाचं काम. काढल्यावर लक्षात आलं की आता हे कुणालाच कळणार नाही. सहदेवभाऊंना प्रोग्राममधलं काही कळत नाही. अविनाशदादा काम सोडून गेलेलेच आहेत, दोष त्यांच्यावर बसलेला आहे. पायलच्या नजरेत मी तिच्यासाठी मारामारी केलेला माणूस राहीन. खोटं कशाला लिहू, राहू द्यावं असं वाटलं.

मग मशीन सुरू केलं. मला ते नीट येत नाही. पहिल्या वेळी माणिकरावांचा चेहरा निळसर आला, तो बाजूला टाकला. दुसरा बरा आला. या वेळी कोट नाही, त्यांचा स्वतःचाच शर्ट, वरचं बटण लावलेला.

२१ सप्टेंबर, रविवार

बॅनर मोटरसायकलला बांधून वस्तीत गेलो. रेल्वे लाईनच्या अलीकडं, बुद्धविहारासमोर मांडव होता. मांडवाच्या तोंडाशीच बॅनर लावलेला होता. नवा, साधा, पांढरा, काळ्या अक्षरांचा. कालकथित माणिकराव. दुसरीकडून करून आणला होता. फोटोवर कोट नव्हता.

मी माझा बॅनर सोडलाच नाही. मागं जाऊन बसलो. सगळे पांढऱ्या कपड्यांत, मी लाल टी-शर्टात. वंदना झाली, विहारातले भन्ते बोलले, मग लोक एकेक करून फोटोपुढं फुलं ठेवून आले. मी उठलो नाही. माझ्या हातात फूल नव्हतं आणि कुणाला मागायची हिंमत झाली नाही.

जेवणं सुरू झाल्यावर पायल आली. पांढरी साडी, केस घट्ट बांधलेले. ती इतकी लहान दिसत होती की पहिल्यांदा ओळखलीच नाही. म्हणाली, "जेवला का?"

"पायल, अविनाशदादानं नाही केलं."

"मले माहीत आहे."

"माह्या प्रोग्रामनं केलं."

"ते बी माहीत आहे. धम्मादादानं बॅनरचा फोटो दाखवला तवाच समजलं. तू तो शब्द यादीत टाकून राह्यला होता तवा मी तुह्या खुर्चीमांगंच उभी होती ना. दोन खेप सांगतलं, हा शब्द चुकीचा नाही, आमच्यात असंच लिहितात. तू हाव हाव म्हणला. मले वाटलं काढला."

मला निळा ठिपका आठवला. ते तिला सांगता येण्यासारखं नव्हतं.

"मंग अविनाशदादाले मारलं ते..."

"ते काय? माह्यासाठी मारलं म्हणतो? मी सांगतलं होतं का मारायले?" तिचा आवाज वाढला नाही. "बाबाले नेलं त्या दिवशी तिरडीले खांदा दिला त्यायनं. तू आला होता का?"

मी गप्प राहायला पाहिजे होतं. पण मी म्हणालो, "अर्थ तं एकच होते ना, पायल. माणूस गेला, एवढंच."

तिनं मांडवाच्या बांबूला हात टेकवून हळूहळू सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. "नाही होत एक. आमाले कैलास नाही, स्वर्ग नाही. ज्याचा काळ झाला तो कालकथित. माहा आजा गेला त्या टाईमाले गावातल्या छापखान्यावाल्यानं पत्रिकेत कैलासवासी छापलं होतं. तवा बाबा नुकतेच नोकरीले लागले होते. सगळ्या पत्रिका घेऊन बसले अन् एकेका पत्रिकेवरचा शब्द पेनानं खोडला अन् वर नवा लिहिला. शाई संपली तं शेजाऱ्याचा पेन आणला. ते आमाले दर वर्षी सांगत, का शब्द म्हणजे काय. अन् त्यायच्याच बॅनरवर..."

दूरवर मालगाडीचा आवाज येत होता. गाडी जाईपर्यंत आम्ही दोघं थांबलो. इथं राहणाऱ्यांना ती सवय असते, बोलणं मध्येच थांबवायची.

"कामावर कवा येशील?" मी विचारलं.

"नाही येत. जळगावले चालली, मावशीकडं. रेल्वेच्या परीक्षेचा क्लास आहे तिथं. बाबाची इच्छा होती. फॉर्म तं मी जूनमध्येच भरला."

जूनमध्ये. म्हणजे तिनं मला 'रे' म्हणण्याच्याही आधी.

"मले वाटलं होतं का आपलं..." वाक्य पुरं झालं नाही.

"मले समजत होतं तुले काय वाटते ते," ती म्हणाली. "पण तू नुसता पाह्यतच होता, प्रज्वल. मी काही बोलली तं तुले कवा ऐकूच नाही आलं." मग आतून तिच्या आईनं, तानाबाईंनी, हाक मारली. जाताना म्हणाली, "जेवून जाय. असाच नको जाऊ."

मी जेवलो. वरणभात, वांग्याची भाजी, बुंदी. शेजारच्या माणसानं विचारलं, "तुमी कोणाकडचे?" मी म्हणालो, दुकानातला.

२४ सप्टेंबर, बुधवार

अविनाशदादा हायवेवरच्या दुसऱ्या दुकानात लागलेत. तिथं गेलो. त्यांच्या ओठाजवळ अजून काळं होतं. सगळं सांगितलं. प्रोग्राम कसा करतो तेही सांगायला लागलो तर म्हणाले, "ते राहू दे. मी मॅटर कवा वाचतच नाही. मी रंग पाह्यतो."

"माफ करा दादा."

"मारलं चारचौघांत अन् माफी मागतो कानात?"

समोर चहाची टपरी होती, पाच-सहा जण उभे होते. तिथं जाऊन तेच मोठ्यानं म्हणालो. कुणाला काही कळलं नाही, एक जण हसला. अविनाशदादा म्हणाले, "बस झालं. आता जाय." चहा घे म्हणाले नाहीत.

सहदेवभाऊंना प्रोग्राम बंद करतो म्हणालो तर भडकले. "एका शब्दापायी? बाकी सगळं तं बरोबर करते ना ते." मी बंद केला. आता मी प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून मॅटर वाचून दाखवतो. लोक वैतागतात. एक जण म्हणाला, "तुमाले वाचता येत नाही का?"

३० सप्टेंबर, मंगळवार

आज सकाळच्या गाडीनं पायल जळगावला गेली. मला धम्मरत्ननं नाही, सहदेवभाऊंनी सांगितलं. स्टेशन दुकानापासून चालत जाण्यासारखं आहे. गेलो नाही. गेलो असतो तर पाहतच राहिलो असतो.

५ ऑक्टोबर, रविवार. पिंपळगाव राजा

आईचा फोन आला होता. "सोयाबीन सोंगून ठेवलं आहे, आभाळ येऊन राह्यलं. दुकानातले फाटके फ्लेक्स असतील तं गंजीवर टाकाले घेऊन ये." पोत्यात चार-पाच जुने फ्लेक्स भरले. माणिकरावांचा तो नवा बॅनरही त्यातच होता. दुकानात ठेवला असता तर सहदेवभाऊंनी कुणाच्या तरी गोठ्याला देऊन टाकला असता. कुठं ठेवायचा ते मला सुचलं नव्हतं.

शेतात पोचलो तेव्हा वारा सुटला होता. अण्णा एकटेच कापलेल्या सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री ओढत होते, ती एका बाजूला पुरत नव्हती. माझ्याकडं न पाहता त्यांनी पोतं ओढलं, हात घातला आणि नेमका तोच वर आला. त्यांनी तो उलगडला. पहिल्यांदा बुद्धाचा फोटो निघाला, मग चेहरा. अण्णा थांबले. खाली वाकून ओळ वाचली, ओठ हलवत. त्यांना वाचायला वेळ लागतो.

"हे कोण व्हय?"

कॉलेज सुटल्यापासूनचे हे त्यांचे पहिले शब्द. आईला उद्देशून नाही, मला.

"माणिकराव. रेल्वेत होते. दुकानात पायल होती ना, तिचे वडील. गेले मागच्या महिन्यात."

आईनं त्यांना ते नाव सांगितलं असणार. आडनावासकट. त्यांच्या चेहऱ्यावरून ते ओळखता आलं. अण्णा पुन्हा बॅनरकडं पाहू लागले. वाऱ्यानं त्याची कड फडफडत होती, ती त्यांनी पायानं नाही, हातानं दाबून धरली.

"तुह्ये कोण लागत?"

"कोणी नाही."

"मंग नवा कोरा इकडं काऊन आणला?"

थेंब पडायला लागले होते. गंजीची एक बाजू अजून उघडीच होती आणि हा बॅनर तेवढ्या जागेला बरोबर पुरला असता, हे त्यांनाही दिसत होतं, मलाही. अण्णांनी एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. म्हणाले, "चेहरा आतून येऊ दे." आम्ही दोघांनी त्याची घडी घातली. अण्णांनी ती बगलेत धरली आणि पावसातून शेतातल्या झोपडीत ठेवायला घेऊन गेले, मी उघड्या गंजीजवळ उभा राहिलो.